तुतीच्या बागेतले जमशेटजी

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव निघाले की पोलादाचा कारखाना, सह्याद्रीतील जलविद्युत, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल डोळ्यांसमोर उभे राहते. यांपैकी हॉटेल तेवढे त्यांनी आपल्या हयातीत उघडलेले पाहिले. बाकीची तिन्ही कामे त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी तडीस नेली. मात्र जमशेटजींनी स्वतः बी पेरून उगवलेले एक छोटे काम चरित्रकारांनी एखाद्या परिच्छेदात आटोपले आहे. ते काम म्हणजे बंगळूरच्या बसवनगुडी भागातील रेशीम शेती. आज तेथे ना तुती उरली आहे ना रेशीम किडा. पण त्या वस्तीला लोक अजूनही टाटा सिल्क फार्म म्हणूनच ओळखतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत, तुतीची लागवड हा आता नवलाचा विषय राहिलेला नाही. एकरभर तुती लावायची म्हटली की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न वाणाचा असतो. कोणता वाण अधिक पाला देईल, कोणत्या वाणाचे बेणे चांगले फुटेल, कोणता पाला किडा आवडीने खाईल. हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर हाती यायला शंभर वर्षे लागली, आणि त्या शोधाच्या प्रारंभीच्या वाटेवर जमशेटजी भेटतात. म्हणून त्यांचे चरित्र एकदा या बाजूने पाहण्यासारखे आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मोपदेशकांचे. वडील नसरवानजी यांनी ती परंपरा मोडून मुंबईत व्यापार सुरू केला आणि चौदा वर्षांच्या मुलाला तेथे बोलावून घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ मध्ये संपवून जमशेटजी वडिलांच्या पेढीत शिरले. दुसऱ्याच वर्षी त्यांना हाँगकाँगला जावे लागले. तेथील व्यापारात कापूस, चहा, रेशीम हे जिन्नस होते, आणि अफूही होती. त्या काळच्या मुंबईतील बहुतेक मोठ्या पेढ्यांचे पाय त्या चिखलातून गेलेले आहेत. टाटांचीच पेढी त्याला अपवाद नव्हती, हे गौरवग्रंथांत सहसा वाचायला मिळत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, विशीतल्या जमशेटजींनी रेशीम प्रथम पाहिले ते व्यापाऱ्याच्या नजरेने. रेशमाची किंमत धाग्याच्या लांबीवर, एकसारखेपणावर आणि चकाकीवर ठरते, हे त्यांना त्या बाजारपेठांनी शिकवले असणार.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो कोसळला. त्या पडझडीत टाटांची पेढीही सापडली. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. हाती असलेल्या हुंड्यांचे मोल उतरलेले पाहून त्यांनी धनकोंपुढे हिशेब उघडा ठेवला आणि देणी फेडण्याची व्यवस्था केली. पुढे १८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची व्यापारी पेढी काढली. दुसऱ्या वर्षी चिंचपोकळीची बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि दोन-तीन वर्षांत ती नफ्याने विकूनही टाकली. मग लँकेशायरच्या गिरण्या पाहून आल्यावर त्यांनी जे केले त्याचे मुंबईकरांना फार आश्चर्य वाटले. मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले. कापूस तेथे पिकत होता, कोळसा वरोऱ्याहून मिळणार होता आणि रेल्वे आलेली होती. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

येथेच जमशेटजींच्या स्वभावाचा धागा सापडतो. त्यांनी कारखान्याचा विचार कधी यंत्रापासून सुरू केला नाही. कच्चा माल कोठे आणि कसा तयार होतो, तेथून ते निघत. गिरणी काढायची तर आधी कापसाचे रान बघायचे. पुढे पोलादाचा विचार मनात आला तेव्हाही त्यांनी आधी खनिज आणि कोळसा शोधण्यासाठी माणसे धाडली. हा शिरस्ता कापूस आणि रेशीम या दोन प्रकरणांत त्यांना थेट शेतकऱ्याच्या बांधावर घेऊन गेला.

कापसाचे प्रकरण आधीचे. १८८६ मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. परदेशातून येणारे तलम कापड येथेच विणावे ही त्यामागची इच्छा. या गिरणीने त्यांना जवळजवळ बुडवले होते. यंत्रे जुनी होती, कारागीर अपुरे होते, आणि त्याहून मोठी अडचण कापसाचीच होती. आपल्याकडचा देशी कापूस आखूड धाग्याचा; त्यापासून जाडेभरडे सूत उत्तम निघे, पण तलम सुताला लांब धागा लागे. तो मिसरमध्ये पिकत होता. जमशेटजींनी मिसरचा प्रवास करून तेथील कापूस पाहिलेला होता. तोच वाण हिंदुस्थानात का पिकू नये, या प्रश्नाने त्यांना घेरले.

सरकारी प्रयत्न यापूर्वी झाले नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धारवाड भागात अमेरिकन कापूस रुजवण्यात आला होता आणि तेथून तो आसपासच्या काळ्या जमिनीत पसरलाही. पण पुढे देशी बियाण्यात मिसळून त्याची जात बिघडत गेली. मिसरी कापसाबद्दल तर येथे तो होत नाही असाच निर्वाळा देऊन लोक मोकळे झाले होते. जमशेटजींनी त्या निर्वाळ्याची उलटतपासणी केली. मिसर हा बिनपावसाचा देश. तेथील कापूस नाईलच्या पाटाच्या पाण्यावर वाढतो. तो वाण आपण आणून मृगाच्या पावसात पेरला तर अतिपाण्याने सडणार आणि दोष वाणाचा ठरणार. पाऊस संपल्यावर, पाण्याची खात्री असलेल्या जमिनीत तो लावून पाहिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १८९६ मध्ये त्यांनी या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली, बियाणे मागवले आणि निरनिराळ्या प्रांतांत प्रयोग व्हावेत म्हणून खटपट केली. हे प्रयोग त्यांच्या हयातीत फारसे फळले नाहीत. लांब धाग्याच्या कापसाचे यश या देशात कालव्यांचे जाळे आणि शास्त्रशुद्ध पैदास आल्यानंतरचे आहे. तरीही वाण चांगला की वाईट हे पाणी, माती आणि पेरणीची वेळ सोडून ठरवता येत नाही, ही गोष्ट एका गिरणीमालकाने त्या काळी ओळखली, याचे मोल कमी नाही. आजही शेजारच्याचा मळा पाहून वाण निवडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

रेशमाकडे ते वळले ते जपानमुळे. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले ते मुख्यतः जहाजाच्या भाड्यासाठी. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या सुताची वाहतूक ब्रिटिश पी. अँड ओ. कंपनीच्या मुठीत होती आणि ती मनमानी भाडे आकारी. जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी संधान बांधून त्यांनी स्वतंत्र जहाजसेवा सुरू केली. पी. अँड ओ.ने भाडे इतके उतरवले की टाटांची जहाजे लवकरच थांबवावी लागली. याच प्रवासात योकोहामाहून अमेरिकेला जाताना त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या मानाने अप्रसिद्ध गोष्ट ही की, जपानमध्ये त्यांनी रेशमाचा धंदा बारकाईने पाहिला.

तेव्हाचा जपान रेशमावर उभा राहत होता. यंत्रे, जहाजे आणि तोफा विकत घेण्यासाठी लागणारे परकीय चलन त्या देशाला प्रामुख्याने कच्च्या रेशमाच्या निर्यातीतून मिळे. आणि हे रेशीम मोठ्या कारखानदाराच्या नव्हे, तर लहान शेतकऱ्याच्या घरात जन्माला येत होते. घरातल्या बायका किडे सांभाळत, पुरुष तुती सांभाळत. लवकर पालवणारी तुती वसंतातल्या किड्यांसाठी, उशिरा पालवणारी पुढच्या पिकासाठी, अशी वाणांची विभागणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून केलेली होती. लहान किड्याला कोवळे, रसदार पान लागते आणि मोठ्याला पक्व, जाड पान लागते, हे ओळखून छाटणीचे वेळापत्रक बसवलेले होते. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६५ पासून पाच वर्षे खपून पेब्रिन या रोगाचा छडा लावला होता आणि मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडी निवडण्याची रीत घालून दिली होती. ती रीतही जपानने उचललेली होती.

इकडे म्हैसूर संस्थानात काय स्थिती होती? तेथे रेशीम टिपू सुलतानाच्या काळापासून होते. चांगले शतकभर मुरलेला धंदा. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगाने किडे मरू लागले, शेतकऱ्यांनी तुती उपटून दुसरी पिके घेतली, आणि जे टिकले ते कसेबसे टिकले. तुती होती तीही स्थानिक. पाने लहान, कातरलेली आणि उत्पन्न बेताचे. किडाही स्थानिक, वर्षातून अनेक पिके देणारा, काटक, पण त्याचा कोष लहान आणि धागा आखूड. जपानचा पांढरा कोष त्याच्या शेजारी ठेवला तर फरक आंधळ्यालाही बोटांनी कळावा.

म्हैसूरची हवा रेशमाला अनुकूल आहे, लोकांच्या हाताला सवय आहे, उणीव फक्त ज्ञानाची आहे, असे जमशेटजींचे मत झाले. दिवाण शेषाद्री अय्यर हे कर्तबगार प्रशासक तेव्हा म्हैसूरचा कारभार पाहत होते. त्यांच्या सरकारने जमीन दिली आणि सालीना ३,००० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. जमशेटजींनी जपानहून ओड्झू नावाचे दांपत्य बोलावून घेतले. १८९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या दक्षिण टोकाला ही छोटी शेती सुरू झाली.

ही शेती नफ्यासाठी नव्हती. तिचे स्वरूप शाळेचे होते. निरनिराळ्या भागांतून उमेदवार येत आणि काही महिने राहून काम शिकत. शिक्षणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तुतीची लागवड आणि निगा, मग किड्यांचे संगोपन, मग रोगांची ओळख आणि सूक्ष्मदर्शकाने तपासणी, मग कोषांची हाताळणी, धागा काढणे, आणि शेवटी माल बाजारासाठी तयार करणे. तुती पहिली. जपानी गुरूंनी तो क्रम उगाच लावलेला नव्हता. रेशीम किडा जगतो चार आठवड्यांच्या आसपास, चार वेळा कात टाकतो, आणि जन्मभर एकच अन्न खातो. त्यातही शेवटच्या अवस्थेतील आठवडाभरात तो एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक फस्त करतो. त्या आठवड्यात पाला कमी पडला, वाळका निघाला किंवा ओला दिला, तर आधीचे तीन आठवडे मातीत जातात. आजच्या शास्त्रज्ञांनी कोषाच्या पिकाच्या यशात पानाच्या प्रतीचा वाटा सुमारे ३८ टक्के मानला आहे. किड्याची जात, हवामान, संगोपनाची पद्धत हे सर्व त्यानंतर.

जमशेटजींनी ही शेती सातारा जिल्ह्यात का काढली नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडण्यासारखा आहे. कारण पाचगणी त्यांना परकी नव्हती. पाचगणीची हवा त्यांना मानवत असे आणि तेथे त्यांनी जागाही घेतली होती. त्या काळी वाठार स्टेशनवर उतरून टांग्याने वाईमार्गे पसरणीचा घाट चढावा लागे. दख्खनमध्ये तुतीचा प्रयोगही नवा नव्हता. १८३० च्या दशकात जोसेफ मुत्ती या इटालियन गृहस्थाने पुण्याजवळ कोथरूडला तुतीची मोठी लागवड केली होती आणि कंपनी सरकारने त्याला उत्तेजन दिले होते. तुती झुडपासारखी राखावी की झाडासारखी वाढवावी यावर तेव्हा बराच काथ्याकूट झाला. पण शतकाच्या मध्यापर्यंत तो सारा खटाटोप विरून गेला. आज कोथरूडच्या सिमेंटच्या रानात फिरताना येथे एकेकाळी रेशमाचे स्वप्न पाहिले गेले होते, यावर विश्वास बसणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते म्हैसूरची निवड योग्यच होती. पाचगणीच्या पठारावर चार महिने पावसाची झड असते. ओला पाला किड्याला घातक, आणि कोंदट हवेत रोग बळावतो. शिवाय तेथे पिढीजात कोषकरी नव्हता. बंगळूरकडे पाऊस वर्षभरात विभागून पडतो, थंडी-उन्हाळ्याची टोके नसतात, तुतीला बाराही महिने पालवी फुटते. मिसरी कापसाच्या बाबतीत जी जाण जमशेटजींनी दाखवली होती, तीच येथे दिसते. आधी रान पारखायचे, मग रोप लावायचे.

नेमक्या याच काळात त्यांच्या मनात त्याहून मोठे बीज रुजत होते. १८९८ मध्ये त्यांनी उच्च विज्ञानशिक्षणाच्या संस्थेसाठी आपल्या मालमत्तेतून सुमारे ३० लाख रुपये किमतीच्या मिळकती देऊ केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत उतरलेल्या लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ही योजना मांडण्यात आली. सरकारी शंकाकुशंकांत वर्षे गेली. पुढे म्हैसूर दरबाराने बंगळूरला ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये संस्था स्थापन झाली. विज्ञानसंस्थेला बंगळूर लाभण्यामागे अनेक कारणे होती. पण म्हैसूर दरबार आणि टाटा यांच्यात विश्वासाचे नाते आधी एका तुतीच्या बागेच्या निमित्ताने जमलेले होते, हे विसरू नये.

जमशेटजींच्या अखेरच्या वर्षांत कामांची एवढी गर्दी होती की रेशमाला त्यात फारशी जागा उरली नाही. १९०२ मध्ये ते अमेरिकेत पोलादाचे तज्ज्ञ शोधत फिरले. याच सुमारास नियोजित पोलादनगरीत रुंद रस्ते असावेत, झपाट्याने वाढणारी सावलीची झाडे असावीत, हिरवळीला आणि बागांना भरपूर जागा सोडावी, अशा सूचना त्यांनी आपले पुत्र दोराबजी यांना पत्राने कळवल्या. कारखान्याची जागासुद्धा तोपर्यंत ठरलेली नव्हती. झाडे मात्र ठरली होती. डिसेंबर १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. प्रकृती ढासळत होती. उपचारासाठी ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांच्या मागे रेशीम शेतीचे काय झाले? पोलाद आणि वीज यांच्या मागे लागलेल्या वारसांना ती सांभाळणे अवघड गेले असावे. १९१० मध्ये ती साल्व्हेशन आर्मीकडे गेली आणि काही काळ त्या संस्थेने ती चालवली. हिशेबाच्या वहीत पाहिले तर हा उद्योग चिमुकला होता. तेथून शिकून गेलेल्यांतले किती जण टिकले कोण जाणे. परंतु म्हैसूर सरकारने धडा घेतला. पुढच्या दशकात विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीत इटालियन तज्ज्ञ वॉशिंग्टन मारी यांना पाचारण करण्यात आले आणि संस्थानाने स्वतःचा रेशीम विभाग उभारला. तपासलेली रोगमुक्त अंडी शेतकऱ्याला मिळू लागली. स्थानिक मादी आणि परदेशी नर यांच्या संकरातून अधिक रेशीम देणारा, तरीही तग धरणारा किडा पैदा झाला. १९३० च्या सुमारास जपान-चीनच्या स्वस्त मालाने आणि कृत्रिम रेशमाने धंदा पुन्हा आडवा झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्र्यांसाठी रेशीम हवे झाल्यावर पुन्हा उठून बसला.

किडा सुधारला तरी तुती मागेच होती. अधिक खाणाऱ्या किड्याला तोच जुना, अपुरा पाला. ही कोंडी फुटली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये केंद्रीय रेशीम मंडळ आले, १९६१ मध्ये म्हैसूरला संशोधन संस्था सुरू झाली. चन्नपट्टण तालुक्यातील कण्व येथील शेतावर म्हैसूरच्या स्थानिक तुतीच्या रोपांतून एक सरस रोप निवडण्यात आले. हाच कण्व-२ किंवा एम-५ वाण. बागायतीत हेक्टरी ३० ते ३५ टन पाला देणाऱ्या या वाणाने जुन्या तुतीला मागे सारले आणि दक्षिणेत कित्येक वर्षे राज्य केले. नंतर बहरामपूरच्या तुतीच्या बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून एस-३६ हा वाण निघाला. पान मोठे, जाड, हृदयाच्या आकाराचे आणि बाल किड्यांना मानवणारे. उत्पन्न ४० ते ४५ टन. पण त्यात एक मेख होती. त्याच्या बेण्याला मुळे नीट फुटत नसत. निम्म्याहून अधिक कांड्या वाया जात. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला वाण शेतकऱ्याच्या रोपवाटिकेत का मागे पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. १९९७ मध्ये व्ही-१ आला. एस-३० आणि बहरामपूर सी-७७६ यांच्या संकरातून निघालेला हा वाण सरळसोट वाढतो, पान मोठे, चकचकीत, न कातरलेले. बेण्याची फूट नव्वद टक्क्यांच्या पुढे. आणि पाणी-खत वेळेवर मिळाले तर पाला हेक्टरी ६० टनांच्या घरात. याच मातापित्यांचे दुसरे अपत्य म्हणजे एस-३४. ते मात्र कोरडवाहूसाठी निवडले गेले. एकाच घरातली दोन भावंडे, एक पाटाच्या पाण्यावर वाढणारे आणि एक पावसाच्या भरवशावर. जमशेटजींना ही जोडी पाहून मौज वाटली असती.

महाराष्ट्रात तुतीच्या रेशमाची पावले उमटली ती १९५० च्या दशकात, खादी ग्रामोद्योगाच्या द्वारे, आणि ती नेमकी वाई-पाचगणी परिसरात. जमशेटजींनी जेथे तुती लावली नाही तेथेच. थंड हवा पाहून ही जागा निवडली गेली. पण धंद्याने खरा जोर धरला तो पठार सोडून खाली उतरल्यावर, कमी पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या मुलखात. १९९७ मध्ये राज्याचे स्वतंत्र रेशीम संचालनालय नागपूरला स्थापन झाले. त्याच वर्षी व्ही-१ बाहेर पडला, हा योगायोग मराठी शेतकऱ्याच्या पथ्यावर पडला. २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ उघडली; त्यापूर्वी कोष विकायला बहुतेकांना कर्नाटकातील रामनगरची वाट धरावी लागे.

सातारा-सांगलीत तुतीची खरी स्पर्धा ऊस आणि द्राक्षाशी आहे. कृष्णाकाठच्या बारमाही बागायतदाराला तुतीचे आकर्षण कमीच. जत, आटपाडी, माण येथील ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात जेमतेम पाणी राहते, त्याला ठिबकवर एकरभर तुती जगवता येते, आणि वर्षातून चार-पाच वेळा कोषाचे पैसे हाती येतात. अशा शेतकऱ्याच्या दृष्टीने वाणाची निवड ही चैनीची गोष्ट नाही. पाच, तीन आणि दोन फुटांच्या पट्टा पद्धतीने एकरी सुमारे साडेपाच हजार रोपे बसतात आणि ती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षे त्याच जागी राहतात. कापसाचा वाण चुकला तर पुढच्या हंगामी बदलता येतो. तुतीचा चुकला तर मुळासकट उपटावी लागते, आणि तोवर बांधलेले संगोपनगृह रिकामे पडते. व्ही-१ चे आकडे मोहात पाडणारे आहेत, पण ते भरपूर पाणी आणि शेणखताच्या जमिनीतले आहेत. मे महिन्यात पाणी तुटणाऱ्या रानात हाच वाण निम्म्यावर येतो. तेथे एस-१३ किंवा एस-३४ सारख्या कोरडवाहू वाणांचा विचार करायला हवा, किंवा व्ही-१ चे क्षेत्र पाण्याच्या मापाने कमी ठेवायला हवे. अलीकडे बाल कीटकांसाठी जी-२ आणि प्रौढ किड्यांसाठी जी-४ अशी वाणांची विभागणीही सुचवली जाते. लहानग्याला वेगळे पान आणि मोठ्याला वेगळे, हा जपानी शेतकऱ्याचा जुना हिशेब नव्या नावाने परत आला आहे.

टाटांचे नाव पुढे सातारा जिल्ह्याशी जोडले गेले ते निराळ्या कारणाने. जमशेटजींच्या पश्चात त्यांच्या वीज कंपनीने कोयनेच्या खोऱ्याची पाहणी केली होती. आर्थिक मंदीमुळे ते काम तेव्हा राहिले आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने पुरे केले. त्या योजनेच्या इतिहासात टाटांचा उल्लेख आवर्जून येतो. तुतीच्या इतिहासात तो क्वचितच येतो. बसवनगुडीतील ती शेती बंद होऊन कैक दशके लोटली. तिच्या जागेवर घरे, दुकाने आणि रहदारी आहे, आणि तेथून थोड्या तासांच्या अंतरावर म्हैसूरच्या संशोधन केंद्रात तुतीच्या नव्या रोपांची निवड अजून चालू आहे. तेथून निघालेल्या वाणांची बेणी आज आटपाडी आणि म्हसवडच्या रोपवाटिकांपर्यंत पोहोचतात.